सोयाबीनमधला ओलावा: खरेदी केंद्रावर सूट मिळाली, कोठीत का मिळत नाही?

नोव्हेंबर २०२४ आठवतोय? सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, पण अकोला-अमरावतीच्या बाजारात भाव त्याच्या खाली होते. सरकारी केंद्रावर विकायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. विधानसभेच्या मतदानाला काही दिवस उरले असताना केंद्राने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली.

विक्रीतला एक अडसर कमी झाला. पण भाव वाढेल म्हणून ज्यांनी माल कोठीत ठेवला, त्यांचं काय?

कोठीचं तोंड का तुंबतं?

कोठी किंवा सायलोतून धान्य तळाच्या तोंडातून बाहेर येतं. वरून मधोमध धान्य ओतलं की गोल दाणे घरंगळत कडेला जातात. फुटके दाणे, माती आणि कुटार मध्येच साचतं, म्हणजे नेमकं तोंडाच्या वर.

त्यात ओलावा असेल तर बुरशी येते, दाणे एकमेकांना चिकटतात, ढेपळं बनतात. थंडीत आणखी एक गोष्ट घडते. पत्रा गार पडतो, आतल्या मालाची ऊब वर चढते आणि वरच्या थरावर दव धरतं. तिथे पापुद्रा तयार होतो. माल काढताना तो तुटून खाली येतो आणि तोंडात अडकतो.

मग करायचं काय?

- भरण्याआधी माल चाळून घ्या आणि १२ टक्क्यांपर्यंत वाळवा.
- कोठी भरली की तळातून थोडा माल लगेच काढा. मधला कचरा त्याच्यासोबत निघून येतो. तो चाळून पुन्हा भरा.
- मोठ्या सायलोत तळाच्या तोंडावर जाळी बसवा.
- दर पंधरा दिवसांनी वरचा थर तपासा. कुबट वास किंवा ऊब जाणवली तर माल बाहेर काढून पुन्हा वाळवा.

सगळ्यात महत्त्वाचं

तुंबलेलं मोकळं करायला मोठ्या सायलोत कधीही उतरू नका. खालून माल सुरू असेल तर माणूस काही सेकंदांत रुततो आणि स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. आधी यंत्र बंद करा, मग बाहेरूनच लांब काठीने ढेपळं फोडा.

वाळवण्याचा भुर्दंड कोणाला?

१५ टक्क्यांचा माल १२ वर आणला की क्विंटलमागे जवळपास साडेतीन किलो वजन घटतं. २०२४ च्या हमीभावाने हे १६५ रुपयांच्या आसपास जातात. व्यापारी ओल्या-कोरड्या मालाला सारखाच भाव देत असेल तर शेतकरी वाळवेल कशाला? पाऊस लांबला तर अंगणात ऊनही नसतं.

म्हणून पुढच्या हंगामात ओलाव्याची सूट मागताना गावात वाळवणी यंत्र आणि ओलावा मोजायचं मीटरही मागायला हवं.