सत्यान्वेषी व्योमकेश आणि आम्ही

परीक्षा जवळ आली असता विद्यार्थ्याच्या हाती रहस्यकथा दिसली, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांची तक्रार अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. केवळ शेवटचे पान गाठण्यासाठी रात्र जागवणे हे वाचन नव्हे, व्यसन होय. तथापि चांगली रहस्यकथा विवेकाची तालीमही देते, असे आमचे नम्र मत आहे.

उदाहरणार्थ, शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी घ्या. बंगाली साहित्यात १९३२ साली अवतरलेला हा नायक १९९३ साली दूरदर्शनवरील हिंदी मालिकेमुळे देशभर घरोघरी पोहोचला. त्याच्या जनकाचे महाराष्ट्राशीही नाते होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत काम केल्यानंतर १९५२ साली ते पुण्यास स्थायिक झाले आणि व्योमकेशाच्या कित्येक कथा त्यांनी तेथेच लिहिल्या.

व्योमकेशाला ‘डिटेक्टिव्ह’ हे नाव रुचत नाही. तो स्वतःस ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. केवळ गुन्हेगार हवा असलेल्याचे समाधान कोणीही एक माणूस हाती लागला की होते. सत्य हवे असलेल्याचे तसे होत नाही. ‘सत्यान्वेषी’ याच नावाच्या कथेत, ज्या मृदुभाषी डॉक्टरांवर मेसमधील सर्वांचा विश्वास असतो, तेच अखेर अपराधी ठरतात. प्रतिष्ठा हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, हे त्यातून कळते. मग दारिद्र्य हा अपराधाचा पुरावा कसा होईल?

हा प्रश्न आम्ही सहज विचारीत नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एकाचे घड्याळ हरवले. तास संपण्यापूर्वीच सर्वांच्या नजरा एका विद्यार्थ्याकडे वळल्या. त्याच्या चपला झिजलेल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत तो एकटाच वर्गात बसला होता, एवढाच काय तो पुरावा! त्या नजरांत आमचीही नजर होती, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. चार दिवसांनी घड्याळ मालकाच्याच खेळाच्या पिशवीत, मोज्यात सापडले. तो विद्यार्थी एकटा का बसला होता, हे मात्र आम्हांला फार उशिरा समजले. त्या दिवशी त्याने डबा आणला नव्हता. आम्ही संशय घेतला, पण साधा प्रश्न विचारला नाही.

सत्यान्वेषी केवळ कथांतच असतात, असेही नाही. आमच्या हिमायतनगरापासून फार दूर नसलेल्या बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांच्या संशोधनाची स्मृती जपणारी वास्तू उभी आहे. हिवताप दूषित हवेने होतो, अशी पूर्वी समजूत होती. रॉस यांचा संशय डासांवर होता. परंतु संशय म्हणजे सिद्धता नव्हे, हे ते जाणून होते. दोन वर्षे कित्येक डास तपासूनही हाती काही लागले नाही. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी, हिवतापाच्या रुग्णास चावलेल्या निराळ्या जातीच्या डासाच्या जठरात त्यांना रोगजंतूच्या खुणा दिसल्या. तेवढ्यावर न थांबता पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्यांनी रोगप्रसाराची साखळी पुरी केली. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जेथे एका डासाला दोषी ठरविण्यास इतकी वर्षे लागली, तेथे एका वर्गबंधूला दोषी ठरविण्यास आम्हांला एक तासही लागला नाही!

आज मोबाईलवर आलेला मजकूर वाचून होण्यापूर्वीच पुढे धाडला जातो. एखाद्याची अब्रू क्षणात धुळीस मिळते. अशा काळात सत्यान्वेषणाची गरज पोलिसांपेक्षाही आम्हां विद्यार्थ्यांस अधिक आहे. रहस्यकथा अवश्य वाचाव्यात. मात्र अपराधी कोण, एवढेच पाहून पुस्तक मिटू नये. आपण मध्येच कोणावर संशय घेतला होता आणि तो कशाच्या आधारावर, हेही स्वतःस विचारावे. त्या विद्यार्थ्याची आम्ही क्षमा मागितली. तो हसला, पण आमच्या शेजारी येऊन बसण्यास त्याला पुष्कळ दिवस लागले.