लेक की धरण?

(एस. वाय. बी. ए.)

आपल्याकडच्या कितीतरी घरांत, सलूनमध्ये आणि दवाखान्यांत भिंतीवर एक चित्र हमखास असते. मागे बर्फाची शिखरे, पुढे निळे तळे आणि काठावर उतरत्या छपराचे लाकडी घर. खाली नाव छापलेले नसले तरी बघणारा सांगून मोकळा होतो, "स्वित्झर्लंड!" त्या देशात पाऊल न ठेवताही आपण त्याला ओळखतो. १९६४ च्या 'संगम'पासून आपल्या चित्रपटांनी तो देश आपल्याला इतक्या वेळा दाखवला, की अखेर २०१६ साली तिथल्या इंटरलाकेन गावात यश चोप्रा यांचा पुतळा उभा राहिला. आल्प्सचा तो मुलूख सुंदर आहे, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो त्याचे नाव आपण आपल्या डोंगरांना उसने आणून चिकटवतो त्याबद्दल.

पावसाळा लागला की पुण्याहून मुळशी-ताम्हिणीकडे शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. काही गाड्या आमच्या सूसवरूनही जातात. त्यांतील मंडळींच्या तोंडी दोनच शब्द असतात : 'मुळशी लेक' आणि 'मिनी स्वित्झर्लंड'. माझ्या आजीने 'मुळशी लेक' हे शब्द पहिल्यांदा ऐकले, तेव्हा तिने साधेपणाने विचारले, "कुणाची लेक गं?" आम्ही सगळे हसलो. आजीचे माहेर मुळशीच्या बाजूचे. तिच्या आजोबांची भाताची खाचरे त्या पाण्याखाली आहेत. ती त्या पाण्याला कधीच लेक म्हणत नाही, तलावही म्हणत नाही. ती म्हणते, "धरण".

पुढे कॉलेजात आल्यावर मला वाटू लागले, की हा नुसता दोन शब्दांचा फरक नाही, या दोन दृष्टी आहेत. तलाव म्हटले की तो देवाने दिला, निसर्गाने दिला, आपण बघावा आणि घरी जावे. धरण म्हटले की ते कोणीतरी बांधले, कोणासाठी तरी बांधले, आणि त्यात कोणाचे तरी काहीतरी बुडाले.

भूगोलच पाहा ना. जिनिव्हा, लुसर्न ही आल्प्समधली प्रसिद्ध सरोवरे हजारो वर्षे सरकणाऱ्या बर्फाच्या नद्यांनी कोरलेल्या खोलगट दऱ्यांत साठली आहेत. आपल्या सह्याद्रीची गोष्ट निराळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा कातळ तयार झाला. इथे बर्फाच्या नद्या नव्हत्या. इथे पाऊस कोसळतो, कड्यावरून धबधबा होऊन उडी घेतो आणि नदीला मिळून वाहून जातो. म्हणून आमच्या मावळात मोठे नैसर्गिक सरोवर सापडत नाही. मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव, टेमघर ही सारी धरणेच आहेत. डोंगराळ मुलखात सपाट आणि कसदार जमीन असते ती नदीच्या काठी, आणि धरणाचे पाणी पहिल्यांदा चढते ते तिथेच. तेव्हा मावळात निळे पाणी दिसले, की "किती सुंदर!" म्हणावे जरूर, पण त्यापाठोपाठ "इथे आधी काय होते?" असेही विचारावे.

मुळशीपुरते या प्रश्नाचे उत्तर इतिहासात लिहून ठेवलेले आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. ५२ गावांचा प्रश्न उभा राहिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढे होते. 'जान किंवा जमीन' ही त्यांची प्रतिज्ञा होती. बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. १९२४ मध्ये रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. १९२७ मध्ये मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले. जे पाणी पूर्वेला भीमेकडे जायचे, ते कोकणात उतरून कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळू लागले. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापटांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की हे सेनापती कोणत्या लढाईचे?

आता गंमत अशी, की ज्या आल्प्सचे नाव आपण उसने घेतो, त्या आल्प्समध्येही अशी मुळशी आहे. इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, रेशेन नावाचे एक सरोवर आहे. त्याच्या पाण्यातून चर्चचा एक उंच, दगडी मनोरा वर आलेला दिसतो. छायाचित्र पाहिले की वाटते, परीकथेतलेच चित्र! पण तो मनोरा ग्राउन नावाच्या गावाचा आहे. वीज कंपनीच्या धरणासाठी १९५० साली ते गाव बुडवले गेले. तिथली दोन लहान नैसर्गिक तळी एकत्र करून पाणी उंच चढवले गेले. गावकऱ्यांची भाषा जर्मन, आणि पाणी चढवण्याची नोटीस लागली ती इटालियनमध्ये! हे वाचले तेव्हा मला ग्राउन परके वाटेनासे झाले. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, फ्रान्सच्या आल्प्समधले तीन्य हे गावही असेच विजेच्या धरणाखाली गेले.

म्हणजे चित्रातल्या निळ्या पाण्याखाली तिथेही शेते आहेत. मग फरक कुठे आहे? चौदाव्या शतकातला तो मनोरा जुनी वास्तू म्हणून राखला गेला. आज तिथे येणारा प्रत्येक प्रवासी आधी मनोरा पाहतो आणि मग विचारतो, की पाण्यात हा कसा? एक गाव गेल्याची आठवण तिथे पाण्याबाहेर उभी आहे. आमच्या खाचरांना मनोरा नव्हता. भाताचे खाचर पाण्यात गेले की गेलेच. मागे काय उरते, तर एखाद्या म्हातारीच्या तोंडातला 'धरण' हा शब्द. तोही आपण 'लेक' म्हणून पुसून टाकू लागलो आहोत.

यावर माझेच काही मित्र म्हणतात, "तू कशाला जुने उकरतेस? पर्यटक येतात म्हणून आपल्या पोरांच्या हाताला काम मिळते. कोणी भजी-कणीस विकतो, कोणी गाडी चालवतो, कोणी घरगुती जेवण देतो. शिवाय वीज काय फक्त मुंबईला लागते? तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर दिवा आहेच की!" हे म्हणणे खोटे नाही. दिव्याखाली बसूनच मी हा लेख लिहीत आहे. धरण फोडा असे मी म्हणत नाही, आणि पर्यटकांनी येऊ नये असेही म्हणत नाही. स्वित्झर्लंडलाही पर्यटनानेच हात दिला. थॉमस कुक यांनी इंग्रज प्रवाशांची पहिली सहल तिकडे नेली ती १८६३ साली. पण तिथल्या लोकांनी आपल्या गावांची नावे बदलून दुसऱ्या देशाची नावे घेतली नाहीत. लुसर्नचा जुना लाकडी पूल १९९३ मध्ये आगीत जळाला, तर पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा उभा केला. आपले ते आपले म्हणून दाखवण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्याला तो का वाटावा?

उसन्या नावाचा मोह किती महाग पडतो, हेही आमच्या तालुक्याने पाहिले आहे. वरसगाव धरणाच्या काठी इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर लवासा नावाचे शहर वसवायला घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने बांधकाम थांबवण्याची नोटीस काढली आणि २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. रंगीत घरे उभी राहिली, पण पोर्तोफिनो काही आले नाही. आमचे सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. आता आमच्या टेकड्यांच्या कडेने उंच इमारती उठत आहेत, आणि त्यांच्या पाट्यांवर परदेशी नावे आहेत. टेकडीचे जुने नाव माझ्या धाकट्या भावाला सांगता येत नाही. जमीन जाते तेव्हा सातबारा बदलतो. नाव जाते तेव्हा कुठेच नोंद होत नाही.

म्हणून मला आपल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी पुष्कळ जण मुळशी-मावळातले आहेत. पुष्कळांच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेजची पायरी चढले आहे. आपल्या आजी-आजोबांना लिहिता आले नाही, पण बुडालेल्या गावांची नावे, शेतांची नावे, ओढ्यांची आणि देवळांची नावे त्यांच्या तोंडी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एका वर्षी वही-पेन घेऊन ही नावे गोळा करूया. ग्रामपंचायतींकडे आणि धरणाच्या व्यवस्थापनाकडे अर्ज करून, जिथे जिथे गाड्या थांबतात आणि छायाचित्रे काढली जातात तिथे मराठीत पाटी मागूया : या पाण्याखाली अमुक गाव होते, इथे १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. पर्यटकाचे त्यात काही बिघडणार नाही. उलट त्याने पाहिलेले पाणी त्याला अधिक खोल वाटेल.

'दुरून डोंगर साजरे' अशी आपल्याकडे म्हण आहे. मला वाटते, तळीही दुरूनच साजरी दिसतात. जवळ जाऊन, त्यांचे खरे नाव घेऊन, त्यांच्याखाली काय आहे ते जाणून ज्याला ती सुंदर वाटतील, त्याचेच प्रेम खरे. स्वित्झर्लंड स्वित्झर्लंडलाच शोभून दिसते. आपण मुळशीला मुळशी म्हणायला शिकू या.