वाकळीचे मोल

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आजीची ट्रंक उघडली. तळाशी चार सुती लुगडी होती. त्यांतल्या इरकलीचा तांबडा पदर अजून टवटवीत होता. ‘बोहारणीला देऊन टाका’, असा घरातला सर्वसाधारण सूर. सौभाग्यवतींनी मात्र ती करवीर तालुक्यातल्या एका मावशींकडे वाकळ शिवायला नेली. पदर पाहून मावशी म्हणाल्या, “ह्यो मधी घेऊया, वैनी. कडंला गेला तर झिजंल.” वाकळीची रचना त्या एका वाक्यात ठरली.

संस्कृतातली कंथा बंगालमध्ये काँथा झाली, बिहारात तिची भगिनी सुजनी, आपल्याकडे गोधडी आणि वाकळ. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर धावदोऱ्याच्या दाट टाक्यांनी एकजीव करायचे, हे तिचे शास्त्र. ते कापड घाम टिपते आणि ऊबही देते. गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत, ते याच चिंध्यांच्या वस्त्रामुळे.

कोल्हापूरची शाहू मिल 1906 साली उभी राहिली आणि 2003 मध्ये बंद पडली. दरम्यान घरोघरी सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. त्या कितीही वापरल्या, तरी सुतासारख्या मऊ होत नाहीत. म्हणजे आजीच्या ट्रंकेतला साठा हा बहुधा शेवटचाच. तो बोहारणीकडे गेला, की पुढच्या पिढीला कोऱ्या कापडावर छापलेली ठिगळेच विकत घ्यावी लागतील.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या; 2006 मध्ये त्या टपाल तिकिटांवरही आल्या. तेथे शिवणारीचे नाव गोधडीसोबत सांगितले जाते. आपल्याकडे मात्र ‘जुन्याच तर चिंध्या!’ म्हणत तिच्या मजुरीत घासाघीस चालते. कापड आपले असते हे खरे. पण कित्येक दिवसांचे टाके, डोळ्यांवरचा ताण आणि रंगांची जाण तिची असते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आधी तिचे दाम पुरते मोजावे.

येत्या दिवाळीत ट्रंक उघडाल तेव्हा सुती लुगडी बाजूला काढा. शिवणाऱ्या हाताला योग्य मजुरी द्या, आणि वाकळीच्या कोपऱ्यात त्या माउलीचे नाव तिच्याच दोऱ्याने घालून घ्या.