'डी ड्राइव्ह'मध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं का?



सातवी-आठवीच्या वर्गात एकदा विचारून बघा, "सी ड्राइव्ह म्हणजे काय?" पोरं पटकन सांगतात, "सर, जिथं विंडोज असतं ते." आणि डी ड्राइव्ह? "जिथं आपल्या फाइल ठेवायच्या असतात ते." दोन्ही उत्तरांना आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. सराव परीक्षेत एक गुण मिळतो, विषय संपतो.

माझं स्पष्ट मत आहे की या उत्तरावर थांबल्यामुळे नांदेड-लातूरच काय, कुठल्याही जिल्ह्यातल्या शाळेचं आणि घराचं खरं नुकसान होतं. कारण मुलांच्या, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षकांच्याही डोक्यात पक्कं बसतं की सी आणि डी ही दोन वेगळी यंत्रं आहेत. मग निकालपत्रकं, शिष्यवृत्तीच्या याद्या, स्नेहसंमेलनाचे फोटो सीवरून कॉपी करून डीमध्ये टाकले की "बॅकअप झाला" म्हणून आपण निवांत. बहुतेक संगणकांत डिस्क एकच असते. एका कपाटाचे दोन कप्पे. कपाट जळालं तर दोन्ही कप्पे जळणार.

हा गैरसमज उगाच तयार झालेला नाही. विंडोज बिघडलं की दुरुस्तीवाला सी पुसून नवं विंडोज टाकतो आणि डी तसाच राहतो. दहा वेळा असं झालं की डीवर विश्वास बसणारच. पण तो विश्वास विंडोज बिघडण्यापुरता खरा आहे, डिस्क बिघडण्यापुरता नाही.

मुळात संगणक डिस्क ओळखतो कसा? बटण दाबलं की सगळ्यात आधी जागं होतं ते मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर. जुन्या संगणकात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. विंडोज त्या वेळी झोपलेलंच असतं. फर्मवेअर जोडलेल्या प्रत्येक डिस्कला विचारतं, तू कोण? डिस्क आपलं मॉडेल, सिरियल नंबर आणि आपल्यात किती सेक्टर आहेत तेवढं सांगते. यात सी, डी असलं काही नसतं. ही अक्षरं डिस्कला माहीतच नाहीत.

मग जुनं बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचतं. तो फक्त ५१२ बाइटचा. त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण असते, ५५ आणि एए. मुलांना फळ्यावर द्विमान पद्धतीत लिहून दाखवा: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. पोरांना फार आवडतं हे. ही खूण सापडली नाही तर साधारणपणे बायोस त्या डिस्कवरून संगणक सुरू करत नाही. त्याच सेक्टरमध्ये ६४ बाइटचा एक तक्ता असतो. प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी: पार्टिशन कुठून सुरू होतं, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचं आहे.

आपल्याकडच्या मुलांना हे सातबाऱ्यावरून चटकन कळतं. शेतात बांध डोळ्यांनी दिसतो. डिस्कवर बांध नसतोच, फक्त नोंद असते. नोंद खोडली म्हणून जमीन नाहीशी होत नाही, पिकंही तिथंच असतात. फक्त कुणाचं कुठून कुठवर, ते कळेनासं होतं.

त्या चार नोंदींत सेक्टर मोजायला ३२ बिट दिलेले आहेत. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ करा, सुमारे २.२ लाख कोटी बाइट येतात. म्हणून ही जुनी पद्धत साधारण दोन टीबीच्या पुढे जात नाही. घातांकाचा याहून चांगला उपयोग पाठ्यपुस्तकात शोधूनही सापडायचा नाही. नव्या जीपीटी पद्धतीत ही अडचण राहिली नाही. विंडोज त्यात १२८ पार्टिशनपर्यंत मुभा देतं आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. (आणि हो, एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.)

फर्मवेअरचं काम झालं की ऑपरेटिंग सिस्टिम येते आणि तोच तक्ता पुन्हा स्वतः वाचते. प्रत्येक पार्टिशनच्या सुरुवातीला डोकावून आतली मांडणी आपल्याला समजते का ते बघते, आणि समजली तर अक्षर देते. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून गणती सीपासून. हे अक्षर म्हणजे वर्गातला हजेरी क्रमांक समजा. वर्ग बदलला की क्रमांक बदलतो. तोच पेनड्राइव्ह एका संगणकावर ई, दुसऱ्यावर जी. याउलट जीपीटीमध्ये प्रत्येक पार्टिशनला १२८ बिटांचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. सरलमधल्या विद्यार्थी आयडीसारखा, वर्ग बदलला तरी तोच.

आता दुसरं नुकसान. पेनड्राइव्ह लावला, विंडोज म्हणालं, "वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा." आपण काय करतो? "फॉरमॅट मारून टाक." या एका वाक्यानं जेवढे फोटो आणि प्रकल्प गेले असतील तेवढे व्हायरसनं तरी गेले असतील का, मला शंका आहे. त्या सूचनेचा अर्थ "यात काही नाही" असा नसतो. "मला यातलं वाचता येत नाही" एवढाच असतो. लिनक्सवर तयार केलेलं पार्टिशन पूर्ण ठणठणीत असलं तरी विंडोज हीच सूचना देतं, कारण त्याला ती मांडणी येत नाही. तीच गोष्ट मध्येच लाइट गेल्यामुळे मांडणी बिघडलेल्या डिस्कची.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यात निजामकालीन दप्तरं उघडली गेली. किती कागद उर्दूत, किती मोडीत. वाचणारे शोधून आणावे लागले. वाचता येत नाही म्हणून ते कागद कोरे आहेत, फाडून नवे वापरा, असं कुणी म्हटलं असतं तर? डिस्कच्या बाबतीत मात्र आपण हे रोज म्हणतो.

काही सहकारी म्हणतात, आता सगळं मोबाइलवर आणि क्लाउडवर आहे, हे जुनं प्रकरण कशाला उकरायचं. पण मोबाइलमधलं मेमरी कार्डसुद्धा हीच सूचना देतं, आणि घरातले लग्नाचे फोटो बऱ्याचदा त्यातच असतात. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. शाळांतल्या कितीतरी जुन्या संगणकांवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही, म्हणजे कुणी नवं यंत्र घेणार, कुणी लिनक्स टाकणार. विंडोज नव्यानं टाकताना पडद्यावर पार्टिशनची यादी येते, आणि तिथं सी, डी लिहिलेलं नसतं. "ड्राइव्ह ०, पार्टिशन १, पार्टिशन २" असं असतं. ज्याला फक्त अक्षरं शिकवली, तो तिथं अंदाजानं डिलीट दाबतो.

अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आपली मुलं ८०८५ मायक्रोप्रोसेसरचे प्रोग्रॅम लिहितात. ते शिकावंच. पण स्वतःच्या घरातल्या डिस्कचा तक्ता त्यांनी एकदाही पाहिलेला नसतो, हे मला पटत नाही. यासाठी फक्त दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन डिस्कचं मॉडेल वहीत लिहायचं, काहीही न बदलता बाहेर पडायचं. नंतर विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून तीच डिस्क शोधायची. "डिस्क ०" या एकाच पट्टीवर सी आणि डी शेजारी शेजारी दिसतात तेव्हा मुलं गप्प होतात. तेवढ्यात "बॅकअप कुठं ठेवायचा?" हा प्रश्न टाकायचा.

दुसऱ्या तासिकेला एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर दोन-चार फाइल टाका, पार्टिशन डिलीट करा, आणि टेस्टडिस्क नावाच्या मोफत साधनानं ते परत शोधा. संगणकाच्या मुख्य डिस्कवर हा प्रयोग अजिबात नको, आणि साधन चालवताना शिक्षकानं स्वतः शेजारी उभं राहावं.

पालकांसाठी थोडं वेगळं. दुरुस्तीवाला "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाला की आधी विचारा, "भाऊ, बायोसमध्ये डिस्क दिसते का?" दिसतच नसेल तर केबल, वीज किंवा डिस्क स्वतः बिघडली आहे. तिथं फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही. दिसते, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला अक्षर नाही, तर नुसतं अक्षर देऊन बघता येतं. पार्टिशन 'रॉ' दाखवत असेल तर आतली मांडणी वाचता येत नाही, आणि 'अनअलोकेटेड' दाखवत असेल तर तक्त्यातली नोंद गेली आहे. या दोन्ही वेळी त्या डिस्कवर नवं काही लिहू देऊ नका, आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून द्या म्हणावं. डिस्क एसएसडी असेल तर जास्तच जपा. तिच्यावर फॉरमॅट झाल्यावर विंडोज मोकळी झालेली जागा डिस्कला कळवतं आणि ती जागा आतून पुसली जाते, मग टेस्टडिस्कलाही बहुधा काही सापडत नाही.