वाळू कुणाची बाजू घेत नाही

काही वर्षांपूर्वी एका तालुका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. निवृत्त विज्ञान शिक्षक म्हणून बोलावणे आले होते. सोबत आणखी दोघे होते. एका वर्गाच्या कोपऱ्यात उर्दू माध्यमाच्या शाळेतली आठवीची मुलगी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल घेऊन उभी होती. थर्माकोल नाही, दिवे नाहीत, रंगवलेला तक्ता नाही. नुसत्या काड्या आणि फेविकॉल, त्रिकोणाला त्रिकोण जोडलेले.

माझ्या सहकाऱ्यांनी तिला मराठीतून तीन-चार प्रश्न विचारले. ती अडखळली. मग एकदम म्हणाली, "सर, वजन ठेवून बघा ना."

आम्ही हसलो. वेळ नव्हता, अजून बरीच मॉडेलं बघायची होती. पहिले बक्षीस एका 'स्मार्ट सिटी'ला गेले. त्या मुलाने अस्खलित भाषण केले, आणि मॉडेलमधले दिवे खरोखरच लागत होते.

त्या मुलीला मी उर्दूत विचारू शकलो असतो. विचारले नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सोबतचे दोघे काय म्हणतील याची मला भीती वाटली. 'शेखसरांनी आपल्या समाजाची मुलगी पुढे आणली' असे कुणी म्हणू नये, म्हणून मी गप्प बसलो. निःपक्षपाती दिसण्यासाठी मी तिच्यावर अन्याय केला. तो पूल किती ग्रॅमचा होता आणि त्याने किती किलो पेलले असते, हे मला आजही माहीत नाही. आम्ही तो तोललाही नाही आणि त्यावर भारही टाकला नाही.

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यात पुन्हा वर आली. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा तिथल्या 'सायन्स ऑलिंपियाड'मध्ये उतरला होता. अमेरिकेतली ही शालेय स्पर्धा १९८४ पासून चालू आहे. तिच्यात लाकडी बांधणीचा एक प्रकार असतो. कधी पूल, कधी मनोरा, तर कधी भिंतीला टांगलेला, बाहेर झुकणारा बाक. साहित्य म्हणजे फक्त लाकूड आणि गोंद. मुले स्वतः बांधून आणतात, आधी तिचे वजन होते. मग तिला बादली लटकवतात आणि मुले स्वतःच्या हाताने बादलीत वाळू ओततात. किती वाळू पेलली, त्याला बांधणीच्या वजनाने भागायचे. जो आकडा येतो तो मुख्य गुण. भाराची कमाल मर्यादा सहसा १५ किलो. १० ग्रॅमच्या मनोऱ्याने १५ किलो पेलले, तर गुणोत्तर १५००. त्यापुढे गुण वाढवायचे तर एकच वाट, लाकूड कमी करा.

पोराने फोनवर मला त्याचा मनोरा दाखवला. म्हणाला, "नाना, हा सातवा. आधीचे सहा मोडले." आवाजात दुःख नव्हते. प्रत्येक मनोरा कुठे मोडला, ते त्याने वहीत लिहून ठेवले होते.

त्याची वही ऐकताना मला माझे अब्बा आठवले. ते कोकणात कौलारू घरांचे छप्पर बांधायचे. आढे, वासे, रिपा आणि त्यांना पेलणारी सागाची कैची. लाकूड तोलले तर पेलते आणि लादले तर मोडते, असे ते म्हणत. ऑयलरचे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. पण १७४४ मध्ये ऑयलरने जे गणितात मांडले, ते त्यांच्या हाताला ठाऊक होते. उभ्या दांडीवर वरून भार आला की ती चिरडण्याआधी बाजूला वाकते. आधाराविना उरलेली तिची लांबी निम्मी केली, तर वाकण्याआधी ती चौपट भार पेलते. म्हणून मधे एक बारीकशी आडवी काडी टाकली की जाड दांडीची गरज उरत नाही. अब्बा त्याला 'कंबरेला हात देणे' म्हणायचे.

शाळेत आम्ही हे फळ्यावर सूत्राने शिकवतो आणि मुले परीक्षेनंतर विसरतात. पण ज्याचा मनोरा नवव्या किलोला कंबरेत वाकून तुटला, तो जन्मभर विसरत नाही. खेचणाऱ्या आणि दाबणाऱ्या बलातला फरक, सांध्यावर चढवून चिकटवलेली काडी टोकाला टोक लावलेल्या काडीपेक्षा का टिकते, जास्त गोंद म्हणजे जास्त ताकद नव्हे तर नुसते जास्त वजन, हे सगळे त्या तुटलेल्या तुकड्यांत वाचता येते. आपल्या प्रदर्शनांत मात्र मॉडेल मोडले तर ती फजिती ठरते. मला वाटते, पूल मोडून दाखवलाच नाही तर ते प्रदर्शन विज्ञानाचे नाही, सजावटीचे आहे.

अमेरिकेतल्या स्पर्धेत सगळे सोवळे आहे असेही नाही. तिथे बाल्साचे लाकूड वापरतात. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. एकाच मापाच्या दोन पट्ट्यांच्या वजनात मोठा फरक असतो, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते ढीगभर पट्ट्या घेऊन त्यातून निवडतात. अनुभवी मार्गदर्शक असलेल्या शाळा पुढे जातात. ते आपण उचलायची गरज नाही. बाल्सा आपल्या काटेसावरीच्याच कुळातला आहे, पण आपल्याला तोही नको. आइस्क्रीमच्या काड्या पुरेत. सगळ्यांना एकाच दुकानातल्या, मोजून सारख्या द्या.

दुसरा आक्षेप येतो पालकांचा. पूल बापाने किंवा शिकवणीवाल्याने बांधला तर? उपाय सोपा आहे. पूल प्रदर्शनाच्या ठिकाणीच, दोघांच्या जोडीने, दोन दिवसांत बांधायला लावा. पहिल्या दिवशी बांधणी, रात्रभर गोंद वाळू द्या, दुसऱ्या दिवशी वाळू. खर्चही फार नाही. सोनाराचा काटा एका दिवसासाठी मिळतो. बादली आणि वाळू तर कुठल्याही शाळेच्या आवारात सापडते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो. मेहनतीने बांधलेले मोडले की मुलांची मने मोडतात. मी आमच्या मोहल्ल्यातल्या पाच पोरांना घेऊन हे करून पाहिले. पहिला पूल ८४ ग्रॅमचा. १९ किलोला सांध्यात उखडला. पोरे ओरडली, पण रडली नाहीत. तुकड्यांवर तुटून पडली आणि कुठला सांधा आधी गेला यावर भांडू लागली. दुसरा पूल ७८ ग्रॅमचा, म्हणजे आधीपेक्षा हलका. त्याने ३४ किलो पेलले. त्यांच्यातला सर्वांत गप्प राहणारा पोरगा त्या दिवशी सर्वांत जास्त बोलला. त्याला कुणी भाषण पाठ करून दिले नव्हते.

मुद्दा तिथेच आहे. सादरीकरणाला गुण असावेत, पण सादरीकरणच सगळे ठरवू लागले की बक्षीस भाषेला मिळते. ज्याच्या घरात प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलली जाते, त्याचे विज्ञान चांगले वाटते. जिच्या घरात दखनी, कोकणी, भिली किंवा वडारी बोलतात, तिचे विज्ञान तोंडातच अडकते. परीक्षक वाईट नसतात. मीही वाईट नव्हतो, फक्त घाबरट होतो. वाळूला मात्र घाबरायचे कारण नाही. पोराचा धर्म, शाळा, आडनाव, बापाचा धंदा तिला कळत नाही. काड्या आणि सांधे एवढेच तिला कळते. कुणाची बाजू घेतल्याचा आरोप तिच्यावर होऊ शकत नाही आणि परीक्षकावरही होऊ देत नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक तालुका प्रदर्शनात एक गट असा ठेवा, जिथे निकाल काटा आणि बादली देतील. परीक्षकाने फक्त आकडा लिहायचा. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, तर यंदा आपल्या शाळेपासून सुरुवात करा. काड्या कमी पडल्या तर मला कळवा, मी आणून देतो.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. कुठे असते, काय करते, ठाऊक नाही. तिने आमच्याकडे बक्षीस मागितलेच नव्हते. वजन ठेवून बघा, एवढेच ती म्हणत होती. विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे तेवढी पाच मिनिटे असायला हवी होती.