ओटीपी मीच सांगितला होता

चिरंजीवास,


हे पत्र चारचौघांत लिहितोय याचा राग मानू नकोस. घरच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर तू त्याला अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, सूनबाईंनी हात जोडले असते आणि तासाभरात त्याच्या डोक्यावर कुणाचं तरी 'शुभ सकाळ' येऊन बसलं असतं.

ओटीपी मीच सांगितला, हे कबूल. कोल्हापुरात आक्काच्या सोप्यात बसून, चष्मा शोधून, एकेक आकडा मोठ्याने वाचून सांगितला. "नॅनोच्या पासिंगचं काम आहे बाबा, पंधरा वर्षं झाली ना," असं तू म्हणालास. त्याआधी कागदांवर सही केली तीही मीच. न वाचता. बँकेत छत्तीस वर्षं काढली, साहेबांनी पुढे सरकवलेल्या कागदावरसुद्धा कधी वाचल्याशिवाय सही केली नाही. पोटच्या पोराने पुढे केलेला कागदही वाचून घ्यायचा असतो, हे पंच्याहत्तरीत शिकायचं का मी?

पासिंगचे पैसे मी पाकिटात घालून तुझ्या हातात दिले होते. फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा, किरकोळ डागडुजीचे वरचे. पूर्वी हीच फी सहाशे होती, २०२२ पासून वाढली, तरी मी कुरकुर केली नाही. मी! त्या पाकिटाचं पुढे काय झालं ते विचारत नाही. आणि मे महिन्यात बसवून घेतलेली ती नवी नंबरप्लेट? ७४५ रुपये, अधिक जीएसटी. दोनच महिने राहिली गाडीवर. नव्या चपला घालून माणूस स्मशानात जावा, तसं झालं.

पंधरा दिवसांनी परत आलो तर आपल्या जागेत फीत बांधलेली ती नवी गाडी, काळी भिंतच, उभी. नॅनो कुठे विचारलं तर तू म्हणालास, "बाबा, प्रमाणपत्र मिळालंय. नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सवलत बसते." म्हणजे पंधरा वर्षं ज्या गाडीने आपल्याला वाहिलं, तिचं शेवटी तू कूपन केलंस?

तुला आठवतं का रे काही?

लूना आठवते? फिरोदियांनी ती १९७२ साली बाजारात आणली, आपल्या घरी यायला १९८३ उजाडलं. पन्नास सीसी. तू झालास तेव्हा ती आधीच घरची थोरली होती. तळजाईचा चढ आला की तुझी आई न सांगता उतरायची, पदर खोचायची आणि चालू लागायची. मी पायडल मारत, तू पुढच्या छोट्या सीटवर हँडलला धरून. वर पोचेपर्यंत आई बहुतेक वेळा आमच्यापुढे असायची. "कोण कुणाला घेऊन आलं?" असं ती दर वेळी विचारायची आणि तू दर वेळी हसायचास. गॅसचा सिलिंडर त्याच लूनावर यायचा, त्या दिवशी तू चालत.

परतताना तुला झोप लागायची. एका हाताने लूना, एका हाताने तुझं कपाळ. तेवढ्याशा डोक्याला वजन किती असतं, हे माझ्या डाव्या मनगटाला अजून माहीत आहे.

पुढे स्कूटर आली. तिसरी-चौथीत असशील, सासवडहून येताना दिवे घाटात पावसाने गाठलं. एका रेनकोटात आपण तिघं, आणि वर तिला तिरकी करून पेट्रोल खेळवायची वेळ. (रिझर्व्हवर अजून दहा किलोमीटर जाईल हा हिशोब माझा होता. चुकला.) त्या तिरक्या स्कूटरशेजारी उभा राहून तू म्हणाला होतास, "मोठा झालो की चार चाकं आणीन. पण चालवायची तुम्ही." शब्द तुझे आहेत.

म्हणून तर जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन मेळ्यात रतन टाटांनी ती गाडी दाखवली, तेव्हा पेपर घेऊन धावत तूच आलास. भर पावसात स्कूटरवरून जाणारं अख्खं कुटुंब पाहून त्यांना ही कल्पना सुचली, हे तूच मला वाचून दाखवलंस. "बाबा, हे आपल्याला कुठे दिसले असतील हो?" असंही विचारलंस. आपण तिघं, ते चौघं, पण एवढा फरक कोण बघतो!

तीनशे रुपयांचा फॉर्म मी आणला, भरला तू. दोन लाखांवर लोकांनी नाव नोंदवलं, पहिल्या एक लाखांची सोडत निघाली, म्हाडाच्या घराची निघते तशी. त्याआधी सिंगूरचा कारखाना उठून साणंदला गेला, तेव्हा आपल्या घरात सुतक असल्यासारखं तू बातम्या बघायचास. २०१० मध्ये गाडी दारात आली. पिवळी. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि तू माझ्या हातात किल्ली देऊन म्हणालास, "ही विकायची नाही हं बाबा. कधीच नाही."

मी तरी कुठे म्हणतो की ती रथ होती? डिकी मागून उघडायची नाही, सामान आतून, सीट पाडून ठेवायचं. इंजिन मागे, त्यामुळे पाठीमागे बसलेल्याला गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते पाठीच्या कण्याने कळायचं. वायपर एक. चाकाला नट तीन. पेट्रोल भरायचं झाकण पुढच्या बॉनेटखाली. नवखा पोरगा असला की पंपावर पाइप हातात घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचा. मग मी बॉनेट उघडायचो, तो आत डोकावायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. "काका, तुमचं इंजिन गेलं!" या विनोदावर आपण दोघं किती वर्षं हसलो, सांग.

पसरणीच्या घाटात चार माणसं, दोन बॅगा, एसी बंद, काचा खाली. मागून एसटी आली, पुढे गेली, वळणावर परत दिसली, परत गेली. कंडक्टर खिडकीतून हात करत होता आणि आपण त्याला. पाचगणीला पोचल्यावर तू बॉनेटवर थाप मारलीस, "शाब्बास गं!" बरं, सव्वासहाशे सीसी नि दोन सिलिंडर. त्या मानाने शाब्बासच नाही का?

आणि लग्नात? "वरात हिच्यातूनच," हा तुझा हट्ट होता. आयत्या वेळी मित्राची लांबलचक गाडी आली, तू तिच्यात बसलास, आणि नॅनोत बसले लाडवांचे डबे, दोन समया आणि मी. तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. लाडू बोलू देत नव्हते, मांडीवर होते.

मला खरं लागलं ते पुढेच. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी गेटवर विचारलं, "काका, हिला किल्ली देता की सेल घालता?" वॉचमन हसला, त्याचं सोड. तू हसलास. नुसतं मान राखायला नाही, मोकळेपणाने हसलास. तेव्हाच मला कळायला हवं होतं की पासिंगचे कागद कुठे जाणार आहेत.

या गाडीला 'सगळ्यात स्वस्त' म्हणून विकणं ही चूक झाली, असं खुद्द टाटाच नंतर म्हणाले. लोकांना गाडी हवी होती, स्वस्त गाडी नको होती. तुझं त्याहून वेगळं काय होतं? ऑफिसच्या पार्किंगमध्ये ती उभी करायला तुला लाज वाटायची, म्हणून तू कोपऱ्यावर लावून चालत जायचास, हे मला माहीत आहे. कोपऱ्यावरची पावती मीच भरली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा गेले. त्या रात्री तू स्टेटस ठेवलंस. हात जोडलेले, खाली इंग्रजीत चार ओळी, आणि फोटो आपल्या पिवळीचा, पाचगणीचा. तिच्या टपावर तुझी पोर बसलेली. शेजारच्या त्याच गृहस्थांनी बदाम पाठवला, असं सूनबाईंनी सांगितलं. वर्षही झालं नव्हतं रे त्याला. जिचा फोटो लावून डोळे पुसलेस, तिला नऊ महिन्यांत भंगारात काढताना हात थरथरला नाही?

आता काळ्या गाडीबद्दल. छप्पर उघडतं, मान्य. सहा एअरबॅग आहेत, त्या तुम्हा सगळ्यांसाठी हव्यातच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परवा तुळशीबागेत जायचं म्हणून निघालो आणि पार्किंग शोधत मंडईला तीन फेऱ्या मारून मोटारीतूनच घरी आलो, ती सहल कशासाठी होती? आपली तीन मीटर दहा सेंटिमीटरची होती. दोन रिक्षांच्या मधे मावायची आणि वाड्याच्या बोळात एका दमात वळायची. भाजी आणायला तू हल्ली सूनबाईंची स्कूटर नेतोस, हे मी गॅलरीतून बघतो. काळीचं अ‍ॅव्हरेज विचारलं तर म्हणतोस, "बाबा, या गाडीला अ‍ॅव्हरेज विचारत नाहीत." मग काय विचारतात?

परवा नात खाली जाऊन त्या जागेत उभी राहिली आणि मला म्हणाली, "आजोबा, पिवळी शाळेत गेलीय का?" तिला तू काय सांगितलंयस? कारण मी 'हो' म्हणून बसलोय. आता ती रोज सुट्टी कधी होणार विचारते. याचं उत्तर तू द्यायचंस, मी नाही.

दुसरी किल्ली माझ्याकडेच आहे. तुझ्या लक्षात नसेल, पण तूच ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवायला दिली होतीस. ती मी देणार नाही, प्रमाणपत्र दाखवलंस तरी.

पेट्रोलची वहीसुद्धा माझ्याकडे आहे. तारीख, लिटर, किलोमीटर. पंधरा वर्षांत एकही रकाना रिकामा नाही. शेवटची नोंद कोल्हापूरला निघायच्या आदल्या संध्याकाळची आहे. आठ लिटर, आठशे तीस रुपये. त्यानंतर गाडी फक्त तू नेलीस, आणि ती एकदाच. टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं होतंस, की तसंच दिलंस, तेवढं कळव. रकाना भरायचा राहिलाय.

तुझा,
बाबा