भग्न वाड्यातल्या वस्तू कुणाची साक्ष देतात?

पडक्या वाड्यांचे व्हिडिओ सध्या जोरात आहेत. कॅमेरा दिंडी दरवाजातून आत शिरतो, मागे सनई वाजते. मग गवत उगवलेला चौक, नक्षीचे सागवानी खांब, कोनाड्यातली विझलेली पणती, खुंटीवर राहिलेली पगडी, कोपऱ्यातलं जातं. निवेदक हळव्या आवाजात म्हणतो, ‘केवढं हे वैभव आणि काळाने काय करून टाकलं!’ खाली शेकडो लोक लिहितात, ‘गेले ते दिवस.’

गेले ते दिवस, खरं आहे. पण ते कुणाचे दिवस होते आणि ते गेले कसे, हे दोन प्रश्न त्या व्हिडिओत कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आधी ‘वाडा’ हा शब्दच पाहा. गावात पाटलाचा वाडा असतो आणि महारवाडाही असतो. पहिला वाडा म्हणजे एका कुटुंबाचं घर, दुसरा म्हणजे गावकुसाबाहेरची अख्खी वस्ती. पहिला दगड, चुना आणि सागवानाचा. दुसरा कुडाचा, मातीचा, गवताने शाकारलेला. पहिला पडला तर त्याचे अवशेष उरतात. दुसरा पडला तर दोन पावसाळ्यांत मातीची माती होते. म्हणजे भग्नावशेष मागे ठेवणं हासुद्धा ज्यांच्याकडे दगड होता त्यांचाच हक्क ठरला. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांचे व्हिडिओ कुणी काढू शकत नाही, कारण काढण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आता वाड्यातल्या वस्तूंकडे या. काही महिन्यांपूर्वी जातीच्या दाखल्यांच्या कामासाठी मी मराठवाड्यातल्या एका गावी गेले होते. तिथली गढी निम्मी ढासळली आहे. तिची पांढरी माती लोकांनी घरांसाठी नेली. सोबत बौद्धवाड्यातल्या एक सत्तरी ओलांडलेल्या मावशी होत्या. देवडीपाशी येताच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आमची सासू हितवरच यायची, बाई. भाकरी हितंच वरून टाकायचे.” मी ज्या उंबऱ्याला दगडी कारागिरी म्हणून पाहत होते, ती त्यांच्यासाठी हद्द होती. वस्तू तीच, पण तिचा अर्थ तुम्ही कुठल्या बाजूला उभे होता यावर ठरतो.

असं वाचायला लागलं की सगळा वाडा बोलू लागतो. धान्याचं पेव दिसलं की निवेदक समृद्धी म्हणतो. ते पेव उघडल्यावर कोंडलेल्या विषारी हवेत आधी उतरायचं कुणी, हे तो विचारत नाही. परसातला गोठा दिसतो, पण त्यातलं मेलेलं ढोर ओढून नेणारा दिसत नाही. चुलीची काजळी दिसते, तिथे जळण आणून टाकणारा दिसत नाही. वेसकर, तराळ ही नावं वाड्याच्या वर्णनात कधी येत नाहीत. गावाची राखण करणं, सारा तालुक्याला पोचवणं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणं, मयताचा सांगावा परगावी नेणं ही सगळी कामं त्यांच्याकडे होती, दिवसरात्र. बदल्यात बलुतं, भाकरी आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचे तपशील आहेत. ते मिळायला कठीण नाहीत, पाहायची इच्छा लागते.

आणि वाड्याच्या आतली अंधारी खोली? तिथे वरच्या जातींतल्या विधवा बायांनी आयुष्य काढलं. ज्यांच्यावर आणखी वाईट वेळ आली, त्यांच्यासाठी महात्मा फुल्यांना १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं. वाड्याचं वैभव वाड्यातल्या सगळ्यांचंही नव्हतं.

दुसरा प्रश्न, वाडे पडले कसे? ‘काळाने’ हे उत्तर सोयीचं आहे, कारण काळावर कुणाला प्रश्न विचारता येत नाही. प्रत्यक्षात कायद्यांनी वाड्यांखालची जमीन सरकवली. १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्याला मालकीचा हक्क मिळाला. १९५१ मध्ये कुलकर्णी वतनं गेली, १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, १९६३ मध्ये पाटीलकी गेली. फुकटचं श्रम आणि खंडाचं धान्य आटलं, मग एवढ्या मोठ्या घराचं शाकारणं-लिंपणं परवडेना. वाटण्या झाल्या, पुढची पिढी शहरात गेली. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, हाही या इतिहासाचा भाग आहे. तो अन्याय होता आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे. जात जाळायची तर घरं जाळून ती जळत नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. वाडा पडला, वाडेकरी पडले नाहीत. शिक्षण, ओळखीपाळखी, आडनावाचं वजन हे भांडवल घेऊन ते पुण्या-मुंबईला आणि पुढे परदेशी गेले. त्याच काळात आपली माणसंही गाव सोडत होती, ती गिरणीत आणि चाळीच्या एका खोलीत. दोघांच्या गाव सोडण्याला एकच ‘स्थलांतर’ शब्द लावणं समाजशास्त्राच्या परीक्षेत चालेल, आयुष्यात चालत नाही.

इथे आपल्यातले काही तरुण म्हणतात, ‘मग पडू द्या की वाडे! आपल्याला काय त्याचं?’ मला हे मान्य नाही. वाडा पडल्याने सर्वात मोठं नुकसान आपलंच होतं, कारण आपल्याविरुद्ध झालेल्या व्यवहाराचा पुरावा त्याच्या माळ्यावर आहे.

कुलकर्ण्याचं दप्तर त्याच्या घरात रुमालात बांधलेलं असायचं. मोडीतल्या त्या कागदांत कुणाचं वतन, किती जमीन, कुणाकडे गहाण, कुणाची किती बाकी हे सगळं आहे. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामगिरीची बेडी मानलं आणि ते बदलण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, ते प्रत्यक्षात संपायला १९५९ साल उजाडलं. जमिनी शासनाकडे जाऊन नजराणा भरून घेऊन वतनदारांना परत मिळाल्या, परवानगीशिवाय विकता येणार नाहीत या अटीवर. तरीही त्या किती हातांनी गेल्या! २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला. चर्चा राजकारणाची झाली, वतनदार कुटुंबांचा प्रश्न बातमीच्या शेपटाला राहिला.

शिवाय अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आजही १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना शाळेत बसू दिलं नाही, त्यांनी शाळेचा दाखला आणायचा कुठून? अशा घरांसाठी एखादा जुना कागद म्हणजे पोरीचं कॉलेज असतं. तो कागद रद्दीच्या भावात जातो, कारण वाडा विकत घेणाऱ्याला फक्त सागवान हवं असतं. खांब शहरातल्या हॉटेलात जातात, दप्तर बंबात.

मोडी वाचणारे कुठून आणायचे, असं कुणी म्हणेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी शासनाने समिती नेमली, जुनी दप्तरं उघडली, मोडीचे जाणकार बसवले. म्हणजे मनात आणलं तर होतं. १९७२ चा पुरावशेष कायदा ऐतिहासिक मोलाच्या ७५ वर्षांहून जुन्या कागदालाही पुरावशेष मानतो. नक्षीच्या खांबाइतकाच तो रुमालही वारसा आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. वाडा पाडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्यातल्या कागदांची नोंद आणि छायाचित्रण पुराभिलेखाच्या माणसांकडून व्हावं. वाड्याचं ‘हेरिटेज हॉटेल’ करणाऱ्याने तो कुणाच्या श्रमावर उभा राहिला हे दर्शनी भागावर लिहावं. गावोगावच्या विहारांत मोडीचे वर्ग सुरू व्हावेत, शासनाची वाट न पाहता. आणि वाड्याचा व्हिडिओ काढणाऱ्यांनी कॅमेरा बंद करण्याआधी बौद्धवाड्यात, मांगवाड्यात जाऊन एका म्हाताऱ्या माणसाला तरी विचारावं, ‘तुम्ही या वाड्यात कुठपर्यंत जात होता?’

ती म्हातारी माणसं वाड्यापेक्षा लवकर संपत चालली आहेत. त्यांची साक्ष नोंदवायचं काम आपण या वर्षीच हाती घ्यायला हवं.

जय भीम!